घंटेची दोरी

प्रिय सेफो,

ताई फोन उचलत नाही, तिचं डोकं फिरलंय का, असं तू माझ्या इसायाला विचारलंस म्हणे. डोकं ठिकाणावर आहे माझं. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस, आणि तुझं गोड बोलणं ऐकलं की मी विरघळते, तू दुधाच्या दातांचा होतास तेव्हापासून. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. सगळं वाचून होईपर्यंत सोबत आलेलं गाठोडं सोडू नकोस. मोठ्या बहिणीचं एवढं तरी ऐक.

आधी बरी बातमी. नीरफणस यंदा इतके लागलेत की डुकरंसुद्धा कंटाळली. माझा गुडघा बोटीवर चढताना अजून कुरकुरतो. सिएनी आत्याने नवी टोपी घेतली, चर्चमध्ये तिच्या मागे बसणाऱ्याला पाळक दिसत नाही. म्हणजे, मधले काही महिने सोडून. तेव्हा ती कुठे बसायची ते तुला माहीत आहेच, कारण ती जागा तूच तिला दाखवलीस.

ईस्टरच्या त्या रविवारी मी पाळकांच्या घरामागे चुलीपाशी होते, तारोच्या उकडलेल्या कंदांवर नारळाचं दूध ओतत होते. मानकरी पाळकांबरोबर जेवायला बसले होते, आणि तू बाबांच्या जागेवर. आतला आवाज एकदम बंद झाला. जेवताना आपली माणसं अशी गप्प होत नाहीत. मग पाळकबाई मागच्या दाराने बाहेर आली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं कुणाचा जीव गेला. ती म्हणाली, "मोएलांगी, तुझा भाऊ म्हणतो, चर्चखालची जमीन तुमची आहे. तुमच्या बाबांनी मरताना सांगितलं म्हणे. आमच्यानंतर पाळक तुमच्याच रक्ताचा हवा, गाव नाही म्हणालं तर जमीन परत घ्या, असं." माझ्या हातातली वाटी कधी पडली ते मला कळलंच नाही. दूध सगळं निखाऱ्यावर गेलं आणि त्याचा करपट वास माझ्या केसांतून दोनदा न्हाल्यावरही जाईना.

सेफो, बाबा गेले तेव्हा उशाशी आपण दोघंच होतो. तू पाय चेपत होतास, मी ओठांना पाणी लावत होते. आपल्याकडे मरणाऱ्या मानकऱ्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, त्यावर जमिनी जातात, नावं जातात, कुणी पुरावा मागत नाही. मागायचा कसा, मेलेल्या माणसाला खोटं कोण पाडणार? माणूस दारू पिऊन खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, पण बापाच्या शेवटच्या श्वासात आपले शब्द कोंबेल, हे मी आपल्या बेटावर कधी ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं ते स्वतःच्या भावाचं.

त्या संध्याकाळी मी तुला नारळाच्या कोठीमागे धरलं. तू खाली मान घातली नाहीस, हसलास. म्हणालास, "ताई, तू फक्त गप्प बस. खोटं तुला बोलायचंच नाहीये, ते मी बोललोय. तुझा इसाया पाळकांच्या शाळेतून शिकून आलाय, कुठलं गाव बोलावतंय का त्याला? इथेच राहील तुझ्याजवळ, पाळकाचा पांढरा कोट घालून. तुला नको का ते?" हवं होतं रे. कुठल्या आईला नको असतं? इसाया दूरच्या गावात गेला तर मला पुरायला तरी येईल का, याचा विचार करून मी किती वेळा कूस बदललीय. तुला माझी दुखरी जागा बरोबर ठाऊक होती, आणि तू तिथेच बोट ठेवलंस. मी काहीच बोलले नाही. तू दुसऱ्या दिवशी विमानाने परदेशी परत गेलास, आणि गाव माझ्या पदरात टाकून गेलास.

लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायचे, विचार करते. सिएनी आत्या म्हणायची, "विचार कसला करतेस, बापाने सांगितलं ते सांग." तिला वाटायचं मी भिडेपोटी गप्प आहे. माझं गप्प राहणंच तुझी साक्ष झालं. महिन्याभरात समुद्राकडची घरं चर्चमध्ये राहिली आणि डोंगराकडची आपल्या अंगणातल्या पाहुणेघरात येऊन बसू लागली. इसाया प्रार्थना चालवायचा. त्या भोळ्याला मामाचा शब्द खरा वाटला होता. गाणाऱ्यांत जाड आवाजाचे सगळे आपल्याकडे आले आणि बारीक आवाजाच्या बायका तिकडे राहिल्या. दोन्हीकडचं गाणं लंगडं. नळावर बायका एकमेकींकडे पाठ करून बादल्या भरायच्या. चर्चची घंटा म्हणजे टांगलेली गॅसटाकीच, तशीच दुसरी आत्याने आपल्या नीरफणसाच्या झाडाला टांगली आणि रविवारी दोन घंटा वाजायला लागल्या, एकीचं ऐकू येऊ नये म्हणून दुसरी जोरात. म्हातारा लेआता, बैठकीत गावाच्या वतीने बोलणारा तो, काठी टेकत रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी इथेच बसतो. देवाला दोन्हीकडे जायचं असेल तर वाटेत भेटेल मला."

जुनी घंटा तुला आठवते ना? बाबांनी बंदरावरून खांद्यावर आणलेली ती रिकामी गॅसटाकी. आणि बाबा खरंच काय म्हणाले होते, ते आठवतं का? मला शब्द न् शब्द आठवतो. ते म्हणाले, "घंटेची दोरी कुजलीय. पडली तर एखाद्या लेकराच्या अंगावर पडेल. सेफो, साखळी बांध." बस्स. मग पाणी मागितलं, आणि गेले. एवढा मोठा मानकरी, आणि शेवटी दोरीचं बोलला, म्हणून तुला तेव्हा हसू आणि रडू एकदमच आलं होतं. काम तुला सांगितलं होतं, मला नाही. मयतीच्या गडबडीत ते राहिलं असेल, मी समजू शकते. मी आपल्या पोरांना म्हटलं, जा रे, साखळी बांधून या. पोरं म्हणाली, "आता ती घंटा समुद्राकडच्यांची. त्यांची त्यांनी बांधावी." मी तिकडच्यांना निरोप धाडला. ते म्हणाले, "जमीन तुमची म्हणता ना, मग वरचं लोखंडही तुमचंच."

ऑगस्टमधल्या एका रविवारी ती पडली. मुलांची चर्चमधली रविवारची शाळा सुटायच्या आधी, पाळकांची धाकटी फेतू घंटा वाजवायला पळत आली होती, पहिला टोला आपण मारायचा म्हणून. एकच टोला झाला. मग असा आवाज आला की आमच्याकडचं गाणं अर्ध्यात तुटलं. मी धावले तेव्हा पोरीचा पाय टाकीखाली होता. ती रडत नव्हती, नुसती बघत होती, आणि तेच मला बघवेना. इसायाने आणि पाळकांनी मिळून टाकी उचलली. पाव वर्ष एकमेकांशी न बोललेले दोघं, एकाने म्हटलं "उचल" आणि दुसऱ्याने उचललं. पायाचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात चालेल, पण थोडी लंगडेल.

यापुढचं ऐक. मी हाताला लागलेलं रक्त धूत होते आणि आत्या आली. डोळे चमकत होते तिचे. म्हणाली, "पाहिलंस? देवाने खूण दिली. आपली सगळी लेकरं आपल्या घरात होती, एकालाही ओरखडा नाही." आजूबाजूच्या बायका माना डोलवत होत्या. फेतूला जन्मल्यावर पहिली आंघोळ घालणाऱ्या बायका, सेफो. मला तेव्हा कळलं की तू नुसती जमीन फोडली नाहीस. आमची माणसं एका पोरीच्या मोडलेल्या पायावर खूश होऊ शकतात, इथवर आम्हाला आणून ठेवलंस. आणि मी तोंड मिटून तुला हातभार लावला.

मंगळवारी मानकऱ्यांची बैठक बसली, दोन्हीकडची. त्यात ठरणार होतं की जमिनीची वाटणी करायची की कोर्टात जायचं. लेआता म्हणाला, "मोएलांगी, उशाशी तू होतीस. बाप काय म्हणाला ते सांग. आणि मोठ्याने सांग, दोन घंटांनी माझे दोन्ही कान गेलेत." इसाया दारात उभा होता, नवा पांढरा शर्ट घालून. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. एक शब्द, नुसती मान हलवली असती तरी तो जन्मभर माझ्या दाराशी राहिला असता. मी सांगितलं, बाबा दोरीबद्दल बोलले. जमिनीबद्दल काही बोलले नाहीत. दोरीबद्दल बोलले, आणि लेकराच्या अंगावर पडेल म्हणाले. आत्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. इसाया निघून गेला. मला वाटलं, भावापाठोपाठ मुलगाही गेला.

तो पहाटे आला, काखेत आपल्या आईने विणलेली चटई घेऊन. केवड्याच्या पात्यांची ती, लुगड्यासारखी मऊ, जी आई म्हणायची की मोठ्या लग्नात नाहीतर मोठ्या गुन्ह्यातच बाहेर काढायची. इसाया एवढंच म्हणाला, "चल आई." उजाडायच्या आत आम्ही पाळकांच्या अंगणात गेलो. पुढे चुलीचे दगड, जळण आणि पानं ठेवली. आमचा गुन्हा असा आहे की आम्हाला भाजून खाल्लंत तरी चालेल, हे सांगायला. मी बसले, आणि इसायाने चटई माझ्या डोक्यावरून पांघरली. खरं तर तिथे घरातल्या पुरुषाने बसायचं. आपल्यात भाऊ बहिणीच्या शब्दाबाहेर जात नाही, आणि पाळकाला गाव बहिणीचाच मान देतं. तू एका खोट्यात दोन बहिणींना, मला आणि पाळकांना, लाथाडलंस, आणि पांघरुणाखाली बसली ती तिसऱ्याच कुणाची नव्हे, तुझीच ताई.

ऊन वर आलं. चटईखाली घाम, अंधार आणि माझा गुडघा. बाहेर लोक जमल्याचं पायांच्या आवाजावरून कळत होतं. कोणी चटई उचलत नव्हतं. त्या घराने उचलली तर माफी, आणि न उचलण्याचा त्यांना हक्क होता. पोरगी आत पलंगावर होती. मी मनात म्हणत होते, नाही उचलणार, आणि बरोबरच आहे. मग चटईची कड हलली. मला वाटलं उचलली. पण उजेड आला नाही. कुणीतरी वाकून आत आलं आणि माझ्या शेजारी बसलं. पाळक ओनेसेमो. चर्चमधला तो भरदार माणूस, गुडघे पोटाशी घेऊन माझ्या शेजारी, त्याच चटईखाली. ते हळू आवाजात म्हणाले, "दोरी कुजलीय हे मलाही दिसत होतं, मोएलांगी. तुमच्याकडचे येऊन बांधतील म्हणून मीही थांबलो. मला हरायचं नव्हतं." आणि मग ते रडले. पाळक रडताना मी पहिल्यांदा पाहिला. बाहेर गाव खोळंबलं. ज्याने उचलायची तोच आत, मग आता उचलायची कुणी? शेवटी लेआताने पाळकबाईला हाताला धरून आणलं, एक कड तिने धरली आणि दुसरी, माझा विश्वास बसेना, सिएनी आत्याने.

त्या रविवारी सगळे चर्चमध्ये आले. जाड आवाज परत बारीक आवाजांना भेटले. इसायाला दक्षिणेकडच्या एका गावाने बोलावलंय, बोटीने जाऊन मग बसने दिवसभर. मी त्याचा कोट इस्त्री करते आणि रडते, आणि परत इस्त्री करावी लागते. आत्याने आपली टाकी खाली उतरवली. जुनी मात्र अजून गवतात पडलीय. पोरं साखळी घेऊन आली होती, पाळकांनी त्यांना परत पाठवलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. चटई पाळकांनी ठेवून घ्यायला हवी होती, रीत तीच आहे. पण दुसऱ्या दिवशी पाळकबाई ती घडी घालून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "ही तुझी नाही, मोएलांगी. ही सेफोची आहे. तो आणेल तेव्हा आम्ही घेऊ." फेतूने निरोप दिलाय की घंटेचा दुसरा टोला तिचा राहिलाय, मामाने लवकर यावं. गाठोड्यात ती चटई आहे. आता सोड. आईच्या हातचा वास अजून आहे बघ तिला. तुला लाज वाटतेय हे मला इथे बसून कळतंय. तिथे कारखान्यात तुला कोणी नावाने हाक मारत नाही, म्हणून इथे मोठं व्हावंसं वाटलं, हेही कळतं. ये, आणि येताना चांगली जाड साखळी आण. पहाटे आपण दोघं जाऊ. एकट्याने बसायची भीती वाटली तर मी तुझ्या शेजारी बसेन. ती चटई दोघांना पुरते, मी बसून पाहिलंय.

वाट बघणारी, तुझीच ताई,
मोएलांगी