आतला निळा शर्ट धुऊ नका

अहो,

मी ताईकडे जातेय. भुंग्याला फार वेळ कोंडायला नको, म्हणून ट्रक डेपोत लागल्याचा तुमचा फोन येईपर्यंत थांबले. आल्या आल्या आधी त्याला फिरवून आणा, चहा मग.

पिंजऱ्यात त्याला स्वतःहून जाऊ द्या. मागच्या खेपेला चप्पल फाडली म्हणून तुम्ही त्याला रागाने आत ढकललंत आणि कडी लावलीत. तुम्ही गेल्यावर तो कितीतरी दिवस तिकडे फिरकत नव्हता. दार उघडं ठेवून, आत बिस्किटाचे तुकडे टाकून मी त्याला परत सवय लावलीय. ती त्याची झोपायची जागा आहे, शिक्षेची नाही. गळ्यातला पट्टा काढून मगच आत सोडा, जाळीत अडकतो.

आत अंथरलेला निळा शर्ट तुमचा आहे. चिडू नका आणि धुऊही नका. तुमचा वास असला की तो गप झोपतो.

तुमचा चौकड्यांचा शर्ट कपाटात शोधत बसू नका. तो माझ्या उशाशी असायचा, बरोबर नेतेय. तोही धुतलेला नाही.