एका फुटाला एक इंच

१२ मे १९९६, रविवार
पर्सी गूच खोटारडा आहे. हे पहिल्या ओळीत लिहून ठेवते, तब्येत-पाणी नंतर. चर्चच्या मासिकात त्याने दोन पानं भरून लिहिलंय की अठ्ठावन्न साली आमच्या ऑल्डरथॉर्पच्या जुन्या विमानतळावरच्या शर्यतीत जी रेसची गाडी पहिली आली, तिची अख्खी ॲल्युमिनियमची बॉडी त्याने एकट्याने ठोकली. गाडी बनली त्या शेडमध्ये पर्सीने एकट्याने एकच काम केलं, बिस्किटं संपवली. बॉडी ठोकली माझ्या नवऱ्याने, विल्फ्रेडने. पत्रा हलू नये म्हणून दुसऱ्या टोकावर मी बसले होते, सातव्या महिन्याची. गाडीच्या मागच्या फुगवट्याचं सगळे कौतुक करतात. तो कुठून आला ते त्यांना माहीत नाही.
विल्फ्रेडला मासिक दाखवलं. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, छान लिहितो की पर्सी. मग केक मागितला. दिला नाही.

१४ मे
पोस्टात कळलं ते असं. ती गाडी कुणाच्या तरी कोठारात गवताखाली सापडली. नॉरिचच्या ऑल्डस नावाच्या साहेबाने ती घेतली, दुरुस्त केली, आणि आता तिच्यावर पितळेची पट्टी लावणार आहे, बॉडी बनवणाऱ्याच्या नावाची. कुणाचं नाव ते त्याचं अजून ठरायचंय. ऑगस्टच्या गावजत्रेत मॉडेलांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून तोच येतोय, आणि पर्सी त्या गाडीचं मॉडेल मांडणार आहे.
म्हणजे मीही मांडणार. हुबेहूब. पर्सीला ठाऊक नाही अशा सगळ्या गोष्टींसकट.
मी सूड घेणारी बाई नाही. पट्टीवर नवऱ्याचं नाव यावं एवढंच. आणि त्या वेळी पर्सीचं तोंड कसं होतं ते बघायचंय, जवळून.

१९ मे
ऑल्डसला सरळ जाऊन सांग, असं नात म्हणाली. टॅमसिन कॉलेजात शिकते, तिला वाटतं सांगितलं की माणसं ऐकतात. पर्सीने दोन पानं छापून आणली, आणि मी काय दारात उभी राहून तोंडी सांगू? नाही. वस्तूच बोलेल.
माप एका फुटाला एक इंच. बाहुलीघराचं माप, ते मला शाळेत न जाता येतं. खरी गाडी साडेअकरा फूट. मॉडेल साडेअकरा इंच. जत्रेच्या नियमात लिहिलंय, बारा इंचांच्या आत. चोख बसलं.
जूनअखेर संपवायचं. जुलैत पडदे धुवायचे.

२ जून
बॉडीसाठी पत्रा मिळाला. दुकानातल्या छोट्या ॲपल पायच्या खाली जी पातळ पत्र्याची चकचकीत वाटी असते, ती. हवी तशी वळते. एका गाडीला बऱ्याच लागतील, म्हणून विल्फ्रेडला रोज दुपारी दोन पाय खायला घालते. कशासाठी ते सांगितलेलं नाही. तो खूश आहे. म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदाच तू इतकी प्रेमाने वागतेस.

९ जून
वाटीला सुरकुत्या पडतात. चमच्याच्या पाठीने घासल्या तर फाटते. पहिलं नाक फाटलं. दुसरंही. तिसरं फाटलं नाही, पण ते नाक दिसत नाही, डुकराचं तोंड दिसतं. ठेवलं. त्या काळी गाड्या अशाच दिसायच्या.

२३ जून
रेसच्या गाडीचं सगळं मर्म वजनात असतं. ती गाडी रिकामी असली की दोन माणसं तिला दोन बाजूंनी उचलून व्हॅनमध्ये ठेवायची. विल्फ्रेडने प्रत्येक पट्टीला, प्रत्येक पेडलला भोकं पाडली होती. मीही रफूच्या सुईने पाडतेय. पेडलांना पाडली, सीटच्या पाठीला पाडली, सांगाड्याच्या सगळ्या दांड्यांना पाडली. आता ती कोंबडीच्या अंड्यापेक्षा हलकी आहे. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात अंडं ठेवून पाहिलं. पर्सी म्हणे लाकडाचा ठोकळा कोरतोय. ठोकळ्याने ठोकळा कोरावा, ठीकच आहे.

२४ जून
सांगाडा बसला. म्हणजे खाली बसला. दांड्यांत दांडीपेक्षा भोकंच जास्त झाली होती. दोष सुईचा, जाड निघाली. नव्याने.

७ जुलै
चाकांना विल्फ्रेडच्या चांगल्या कोटाची बटणं अगदी मापात बसली. चार लावली, पाचवं स्टेपनीला. कोट तो जत्रेलाच घालतो, तोवर बघू. तारांची चाकं हवीत म्हणून बटणांवर फ्यूजची तार ओढली. स्टिअरिंगला पडद्याची कडी. सीटला माझा जुना हातमोजा कापला. टॅमसिनने दिलेल्या गोंदाने एक मागचं चाक माझ्या अंगठ्याला चिकटलं. तसाच स्वयंपाक केला.
विल्फ्रेडची पँट कमरेला बसत नाही. आणखी पाय नको म्हणाला. मागचा भाग अजून व्हायचाय, त्याला खावेच लागतील.

१४ जुलै
आता हुकमाचं पान. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीचा धूर वळून ड्रायव्हरच्या तोंडावर येत होता. विल्फ्रेड घरी आला आणि माझ्या नव्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी घेऊन गेला. मागच्या पाइपाला जोडली, शेपटीच्या बाहेर फूटभर. धूर मागे गेला, गाडी पहिली आली, आणि मी त्यानंतर वर्षभर केरसुणी वापरली. पर्सी ते दोन्ही दिवस लोवेस्टॉफ्टला बहिणीच्या लग्नात दारू पीत होता. त्याला ही नळी माहीतच नाही.
आणि काल पोस्टात काय कळावं. ऑल्डस साहेबाला गाडीच्या शेपटीखाली एक कडी सापडलीय, ती कशाची ते कुणालाच सांगता येत नाही. पर्सी म्हणे, झेंडा लावायला. साहेब म्हणतो, ही कडी कशाची हे ज्याला ठाऊक, बॉडी त्याचीच.
ती नळी अडकवायची कडी! मी रस्त्याने हसत आले. वाटेत मिसेस मेस, आमच्या मेसबाई, भेटल्या. विचारलं, बेरिल, बरं आहे ना? म्हटलं, इतकं बरं कधीच नव्हतं.
नळीसाठी ॲल्युमिनियमची विणायची सुई कापली. टोकापासून एक इंच. गाडीच्या मागे अशी काही चमकते की पर्सीच्या डोळ्यांत जावी.

४ ऑगस्ट
पर्सीने मॉडेल खिडकीत मांडलंय, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. पाहायला गेले नव्हते, पाव आणायला गेले होते. पाव दुसऱ्या बाजूला मिळतो, ती गोष्ट वेगळी. त्याच्या गाडीखाली शिसवीचं मोठं फळकुट आहे. फळकुट धरून बारा इंचांवर सहज जातं.
तडक मेसबाईंकडे. त्या जत्रेच्या सेक्रेटरी. म्हटलं, दरवर्षी तुमचे परीक्षक अंदाजाने बघतात, यंदा प्रत्येक मॉडेल पट्टीने मोजा, टोकापासून टोकापर्यंत, जोडलेलं सगळं धरून. मेसबाई म्हणाल्या, एवढं कशाला. म्हटलं, काकडीच्या स्पर्धेत अर्ध्या इंचावरून तुम्ही गेल्या साली पाद्र्याला बाहेर काढलंत, मग पर्सी काय पाद्र्यापेक्षा मोठा? त्यांनी मुकाट्याने नियम लिहून घेतला. एकेक शब्द मी सांगितला.
विल्फ्रेड म्हणाला, जाऊ दे ना गं. हे वाक्य त्याला जन्मतःच पाठ होतं.

१८ ऑगस्ट
गाडी तयार. रंग हिरवा, घराच्या फाटकाचा उरलेला. दोन हात दिल्यावर जाड झाला आणि आता ती अंड्यापेक्षा जड आहे. चालेल, अंडंच लहान होतं. नाकाचं डुक्कर रंगात झाकलं गेलं, कान थोडे दिसतात. फार सुंदर झालीय. शनिवारी दुपारपर्यंत पर्सी गूच संपला.

२४ ऑगस्ट, शनिवार, सकाळी
हॉलमध्ये जाऊन आले. घाईत लिहितेय. आमच्याकडे सकाळी वस्तू मांडायच्या, नावाचं कार्ड पालथं घालायचं, मग परीक्षक आत आणि बाकी सगळे बाहेर. मेसबाई लोखंडी पट्टी घेऊन आल्या. पर्सीचं मॉडेल आधी. मी बाजूलाच उभी होते. पर्सीने आपली गाडी फळकुटावरून उचलली, जोडलेली नव्हतीच, नुसती ठेवली होती. साडेअकरा. पास.
मग माझी. पट्टी नाकाला लावली, शेपटीपर्यंत आली, आणि सुईपर्यंत गेली. साडेबारा. मेसबाईंनी पिवळं कार्ड काढलं, 'नियमात नाही' छापलेलं. म्हटलं, पाइप म्हणजे गाडी नव्हे. त्या म्हणाल्या, "जोडलेलं सगळं धरून, बेरिल. शब्द तुझेच आहेत." पर्सी मागे उभा राहून खोकला. त्याला खोकला नाही.
मेसबाई पुढे म्हणाल्या, तेवढं टोक काढ, मग घेते. हॉल रिकामा करायची वेळ झालीच होती. कार्ड पडलं असतं तर साहेबाने गाडीकडे पाहिलंही नसतं. मी टोक मोडलं आणि पर्समध्ये टाकलं.
हा पराभव नाही, ही युक्ती आहे. आधी बक्षीस, मग भर हॉलमध्ये पर्समधून पाइप. उलट जास्तच उठून दिसेल.
विल्फ्रेड कोटाच्या बटणांचं विचारतोय. सेफ्टी पिना दिल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते, नाहीतर पर्सी मासिकात लिहील.
पहिलं बक्षीस पाद्र्याच्या बायकोच्या काडेपेट्यांच्या पवनचक्कीला. दुसरं पर्सीला. तिसरं मला. मॉडेलं तीनच होती.
ते जाऊ दे. दारं उघडली तेव्हा ऑल्डस साहेब दोन्ही गाड्या शेजारी ठेवून, वाकून बघत होता. उंच, गुलाबी, भला माणूस. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, मला शंका होती, पण दोन माणसांनी एकमेकांना न विचारता दोन गाड्या केल्या आणि दोन्हींची शेपटी एकाच जागी संपते, तिथे काही जोडलेलं नाही. म्हणजे गूच म्हणतात तेच खरं, कडी झेंड्याची. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बाई, गूचच्या गाडीची तुम्ही फार छान नक्कल केलीत."
मी पर्स उघडली. रुमाल, पेपरमिंट, चाव्या, आणि तळाशी ते टोक. वर धरून सांगितलं, हा पाइप, हा तिथे होता, माझ्या व्हॅक्यूम क्लीनरचा. साहेबाने टोक घेऊन उजेडात धरलं आणि विचारलं, मोजे विणता का तुम्ही? सुईवर नंबर छापलेला होता, तो रंगवायचा राहिला.
म्हटलं, नवऱ्याला विचारा, तो इथेच आहे. साहेबाने खरंच विचारलं. विल्फ्रेड बटणांशिवाय उभा होता, हातात चहा. त्याने माझ्याकडे पाहिलं, पर्सीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "फार जुनी गोष्ट झाली, साहेब. आठवत नाही."
पर्सीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, विल्फ्रेडची मदत मी कधीच विसरणार नाही, फार चांगला चहा करायचा.

२५ ऑगस्ट
आज जेवताना विल्फ्रेडला विचारलं. म्हटलं, तुझ्यासाठी मी तीन महिने अंगठे चिकटवून घेतले, आणि तुला आठवत नाही? त्याने आधी बटाटा संपवला.
"आठवतं गं सगळं. नळीसुद्धा आठवते, तू केवढी ओरडली होतीस. पण तो साहेब ती गाडी दर रविवारी चालवणार आहे. पत्रा कागदासारखा पातळ आहे, तो चिरणार. पट्टीवर ज्याचं नाव, फोन त्याला. माझं वय आता पत्र्याखाली झोपायचं आहे का, बेरिल? पर्सीला घेऊ दे नाव."
म्हटलं, एवढं होतं तर मे महिन्यातच का नाही सांगितलंस. म्हणाला, ॲपल पाय चांगले होते.

१५ सप्टेंबर, रविवार
पितळेची पट्टी लागली. पी. गूच. पोस्टात फोटो लावलाय. पाहायला गेले नव्हते, तिकीट आणायला गेले होते.
पण देव आहे. शेपटीजवळ पत्रा चिरला. साहेबाने पर्सीला बोलावलं, पर्सी पाठदुखी सांगून बसला. काल साहेबाने पुन्हा फोन केला तर पर्सीच्या बायकोने सांगितलं, तो अंघोळीला गेलाय. दोन तास. आज सकाळी पर्सी आमच्या दाराशी आला, हातात लिंबाचा केक. विल्फ्रेड आहे का, म्हणाला. म्हटलं, आहे, पण त्याला काही आठवत नाही. केक ठेवून घेतला. दार लावलं.
म्हणजे शेवटी जिंकले मीच. विल्फ्रेडला हे समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, हो, हो, आणि जेवण झाल्यावर सायकल काढली. कॅरिअरला काहीतरी खणखणणारी जड पिशवी बांधून गेलाय. हवा खायला जातो म्हणाला. गेला पर्सीच्या घराच्या दिशेने, पण हवा तिकडे चांगलीच आहे.
फोन वाजतोय. ऑल्डस साहेबाचाच असणार, पर्सीला सोडून आता इकडे. वाजू दे. घरातल्या कुणीही उचलायचा नाही, विल्फ्रेडने तर मुळीच नाही. गाडीचं काहीही विचारायचं असेल, पट्टीवर नाव पर्सी गूचचं आहे, उत्तर त्यानेच द्यायचं.