मावल्यात घ्यावं की निर्मलला?

आदिलाबाद, रविवार, २२ जानेवारी १९८९

आज सुमनला घेऊन मावल्यातलं घर पाहून आलो. भाड्यानं द्यायला घेतोय ते आमचं पहिलंच घर, म्हणून जवळ असावं असं माझं मत. निर्मलचं स्वस्त आहे, पण तिकडे लक्ष कोण ठेवणार?

मावल्याच्या घरात एक नर्सबाई भाड्यानं राहते. भिंतीवर तिचं कॅलेंडर होतं. मी विचारलं, "हा खिळा कोणी ठोकला?" बिचारी घाबरली. "काढते, सार," म्हणत तिनं कॅलेंडर उतरवलंसुद्धा. घर अजून माझं झालंही नव्हतं!

परतताना सुमन म्हणाली, "निर्मलचंच घ्या."

"काऊन?"

"हे जवळ आहे. तुमी रोज खिळे मोजाले जासान."

राग आला. पण ती काय चूक बोलली? तो खिळा अजून डोळ्यापुढून हलत नाही. संध्याकाळी दलालाला निर्मलचं कळवून आलो.

सोळा वर्षं आमी भाड्याच्या खोल्यांत काढली. घरमालक असे काऊन वागतात, हे तेव्हा कधी कळलं नाही. आज एका दुपारीत कळलं.