सगळ्यांना एकच चमचा

७ एप्रिल, सोमवार

आलो एकदाचे भुसावळला. सोनगीर सोडताना सासूबाईंनी मीनूच्या गालाला तीट लावली, ती घामाने पसरून पार हनुवटीपर्यंत आली तरी मी पुसली नाही. माझ्या नवऱ्याला, नवलला, वीजकेंद्रात काम लागलं आणि त्याच्याच ओळखीतून ही खोली मिळाली. खाली घरमालकीण कमलअक्का पाळणाघर चालवतात. त्यांना मदतीला बाई हवीच होती. मीनूला सोबत ठेवून काम करता येईल म्हणाल्या, आणखी काय पाहिजे!

अकरा मुलं आहेत, मीनू बारावी. भिंतीवर पोपट रंगवलेत, दोरीवर लंगोटांची रांग. गाद्यांवर धाग्याने नावं घातली आहेत. सगळ्यात आश्चर्य दुपारचं. एक वाजता अकराच्या अकरा मुलं झोपली ती थेट चारपर्यंत. माझी एक मीनू झोपवताना माझे खांदे दुखतात. मी अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, सवय लावावी लागते. अक्कांच्या हाताला गुण आहे.

बाजारातून ही वही आणली. मुलं झोपली की रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलंय.

९ एप्रिल, बुधवार

मीनूला काल ताप भरला. पाणी बदललं की होतं, असं शेजारीण म्हणाली, पण मी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आधी तिला काट्यावर बसवलं. साडेआठ किलो. मग म्हणाले, तापाचं औषध वयावर नाही, वजनावर द्यायचं. बाटलीबरोबर आलेल्या मापाने पाच मिली, घरातल्या चमच्याने नाही. दोन वेळांमध्ये सहा तास गेलेच पाहिजेत आणि दिवसात चार वेळांच्या वर कधीच नाही. त्यांनी टेबलावर दोन खोकी ठेवली. दोन्हींवर एकच नाव. एक पातळ औषध, दुसरे छोट्या बाटलीतले थेंब. थेंब चौपट कडक असतात, ते त्यांच्याच ड्रॉपरने मोजायचे, पातळ औषधासारखे चमच्याने पाजले तर मुलाचं यकृत जातं, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं.

सकाळी आठला दिलं, दुपारी दोनला दिलं. संध्याकाळी ताप उतरला, मीनू पोपटांना हात लावत भिंतीभिंतीने चालली. हे सगळं अक्कांना मी मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या. तीस वर्षांत त्यांनी शंभर मुलं एकाच चमच्यावर वाढवली आहेत म्हणे.

११ एप्रिल, शुक्रवार

आज तो चमचा बघितला.

आईबाप मुलांची औषधं इथे ठेवून जातात. कुणाचं तापाचं, कुणाचं सर्दीचं, कुणाचं खोकल्याचं. उरलेलं अक्का फेकत नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सरबताची एक जुनी काचेची बाटली आहे, तिच्यात सगळं ओततात. थेंबसुद्धा. बाटलीच्या गळ्यावर तपकिरी खपली धरली आहे आणि तिच्यात मुंग्या चिकटून मेल्या आहेत. झाकण हरवलंय म्हणून जुन्या लाळेऱ्याची चिंधी पिळून बोळा घातलाय. बोळा काढला की स्ट्रॉबेरीचा आणि आंबलेल्या दुधाचा वास एकत्र येतो.

साडेबाराला अक्का पाट घेऊन बसल्या. मुलं आपणहून आली, लहानगी रांगत आली. तोच स्टीलचा चमचा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. कुणाचं नाक वाहतंय, कुणाच्या ओठावर फोड आलाय. एकीने थुंकलं तर अक्कांनी चमच्याच्या कडेने तिची हनुवटी खरवडली आणि ते शेंबडासकट परत तोंडात घातलं. शेवटचं मूल झाल्यावर चमचा दोन्ही बाजूंनी सावकाश चाटला.

मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "गोड शे. पोरं रडत नहीत."

मला जेवण गेलं नाही. भाकरीलाही तोच वास येत होता. ही मुलं कशाने झोपतात ते कळलं. मी म्हटलं, मीनूला यातलं द्यायचं नाही. त्या लगेच बरं म्हणाल्या. थेंबांचंही सांगितलं. त्यावर, सगळी औषधं सारखीच, असं म्हणून उठल्या.

संध्याकाळी आया आल्या. गुंगीतली मुलं कडेवर घेऊन, माझ्याकडे बघून हसून गेल्या. मी कुणालाच काही बोलले नाही. खोली अक्कांची, काम अक्कांचं. सोमवारी बोलेन.

१५ एप्रिल, मंगळवार

सोमवारी बोलले नाही.

आज अक्का भाच्याच्या साखरपुड्याला चोपड्याला गेल्या. बारा मुलं आणि मी एकटी. अकराला वीज गेली. पत्रा तापला, गाद्यांना मुताचा वास सुटला.

जमनाचा अमर शुक्रवारपासून तापलाय. जमना स्टेशनवर गाड्यांचे डबे झाडते. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला गाव आहे तिचं. पोरगा तेरा महिन्यांचा, पण उचलला तर गाठोड्याएवढा हलका. अक्का त्याला रोज तीनदा पाजतात. घरी द्यायलाही एक लहान बाटली भरून दिली आहे. जाताना मला बजावून गेल्या, याला चुकवू नको.

मी चुकवणार होते. खरंच चुकवणार होते. पण तो सकाळपासून एका सुरात रडत होता, त्याचं ऐकून बाकीचे रडायला लागले, मीनूही लागली. बारा तोंडं उघडी. माझं डोकं फुटायची वेळ आली. मी बोळा काढला.

सगळ्यांना दिलं. मीनूला सोडून.

अमर तोंड उघडेना. अक्का करतात तसं मी त्याचं नाक दाबलं. त्याने अर्धं माझ्या हातावर काढलं, कोमट, चिकट, तार सुटत होती. ते मी बोटाने परत त्याच्या तोंडात ढकललं. तीन वाजता तो पुन्हा उठला. पुन्हा दिलं. डॉक्टरांचं माप, सहा तास, सगळं मला आठवत होतं. आठवत असताना दिलं.

मग शांत झालं. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं.

तीनदा साबण लावला. बोटांचा वास जात नाही.

१६ एप्रिल, बुधवार

अमरने ओकारी काढली. तपकिरी, फेसाळ. अक्कांनी बाटलीतला बोळा काढून त्यानेच फरशी पुसली, जरासा पिळला, परत बाटलीत घातला.

पहिलं औषध बाहेर आलं म्हणून त्याला आणखी एक चमचा.

मी त्याचे पाय धरले होते.

१८ एप्रिल, शुक्रवार

अमर रडत नाही. दूध तोंडातून गळतं. त्याच्या डोळ्यांत पिवळं दिसतंय. मी दारात नेऊन उन्हात पाहिलं, पिवळंच.

अक्का म्हणतात उष्णता. जमनाला मी डॉक्टरकडे ने म्हटलं. तिने अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी मान हलवली, ती गेली. बाटलीचं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण मग १५ तारखेचंही —

मीनू आज दुपारी न थोपटता झोपली.

१९ एप्रिल

अमर उठत नाही. चिमटा काढला तरी नाही.

मीनूला उचलली. ओठांचे कोपरे चिकट. तोंडाला वास. स्ट्रॉबेरी. आंबलेलं दूध.

अक्का म्हणाल्या, सोमवारपासून एकच छोटा चमचा, मी वर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा. पोरगी गोडाला सोकावली, आपणहून येते.

दोन्ही मुलं घेतली. स्टेशनवरून जमनाला घेतलं. जळगावला, मोठ्या दवाखान्यात —

२१ एप्रिल

काल दुपारी चारला अमर गेला. यकृत संपलं होतं.

मीनूला सलाईनमधून उतारा चालू आहे. आजचा रिपोर्ट कालच्यापेक्षा बरा. तिला मापापेक्षा रोज थोडंच जास्त गेलं, पाचच दिवस, म्हणून वाचली असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाकीची मुलंही बोलावली आहेत, रक्त तपासायला. तिघांना ठेवून घेतलं. आया व्हरांड्यात बसल्या आहेत. माझे हात धरतात. मी सांगितलं म्हणून कळलं, म्हणतात.

मी अक्कांचं सगळं सांगितलं. अक्कांचं.

पोलिसांनी बाटली नेली. अक्का त्यांना म्हणत होत्या, मी स्वतः रोज चाटते, मला काय झालं.

अजूनही वास येतो. नखांत. पाणी प्यायलं तरी येतो.

२२ एप्रिल

मीनूने आज पेज खाल्ली. हसली. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

जमना आली आहे. अमरला गावी पुरून परत आली, एकटीच. तिला लिहिता येत नाही. पोलिसांनी तक्रार लेखी मागितली आहे. माझी वही तिला माहीत आहे, मी दुपारी लिहीत बसते हे तिने पाहिलं होतं. समोर जमिनीवर बसली आहे. पदरात अमरची टोपी.

तिला सांगितलं, पोलिसांतलं कोणीतरी लिहून घेईल. नको म्हणाली. तूच.

"लिख, ताई. माना पोरले कोनी पाजं, कवय पाजं, बठ्ठं लिख."

कोणी, कधी, सगळं. शुक्रवार लिहिला. शनिवार. सोमवार. अक्का, अक्का, अक्का. प्रत्येक ओळ वाचून दाखवली. ती मान हलवते. बोटांवर वार मोजते आहे. आता मंगळवार. मंगळवारी अक्का गावाला होत्या, हे तिलाही माहीत आहे. तिनेच त्यांना स्टेशनवर जाताना पाहिलं होतं.

ती थांबली आहे. बोट तसंच धरलंय. पेनाकडे बघते आहे.

मंगळवार, १५ एप्रिल. दुपारी साडेबारा, आणि परत तीन वाजता. नाक दाबून. पाजणारी —

विचारते आहे, ताई, काय लिहिलं, वाच.

माझं नाव लिहिते आहे. पाजणारी दिप —