जोडीतला दुसरा शर्ट

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तर तू इथे होतीस तेव्हाही कुरकुरायचा. रविवारच्या फोनवर आपण जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढं उरकतो आणि फोन ठेवतो. मी काहीतरी बोलायचं ठरवते आणि ऐन वेळी हवामानावर घसरते. म्हणून आज लिहायलाच बसलेय. शाळा सुटलीय, शिक्षकखोलीत मी एकटीच आहे, आणि कुलूप लावायचंय म्हणून शिपाईमामा दोनदा डोकावून गेलेत.

आज आनंद सप्ताहाचा चौथा दिवस. सोमवारी उलटे कपडे झाले, मंगळवारी दोन पायांत दोन रंगांचे मोजे, काल डोक्यावर वाट्टेल ते. मुख्याध्यापक काल कागदी मुकुट घालून हिंडत होते आणि तो काढायचा विसरून तपासणीला आलेल्या साहेबांपुढे तसेच जाऊन उभे राहिले. हसून हसून पोट दुखलं माझं. घरी गेल्यावर हे कुणाला तरी सांगायचं होतं, पण सांगणार कुणाला? तुझे बाबा होते तोवर निदान पेपरामागून ‘हं, हं’ तरी करायचे.

आणि आज जुळ्यांचा दिवस. तुला काय वेगळं सांगायचं! दोघादोघांनी सारखे कपडे घालायचे, आठवडाभर आधी सूचनाफलकावरच्या यादीत जोडीने नावं लिहायची, आणि सकाळी मैदानावर सगळे जमले की मी माइकवरून एकेक जोडी पुकारायची. ही टूम माझ्याच डोक्यातून निघालेली. मुलांची मैत्री वाढते म्हणून मी कोण मिरवायची! ज्याला जोडीच नाही त्याने काय करायचं, हे मला एवढ्या वर्षांत सुचलंसुद्धा नाही.

यंदा शिक्षकांनीही जोड्या करायच्या ठरल्या. गणिताच्या बाईंनी चित्रकलेच्या बाईंशी जमवलं, खेळाच्या सरांनी चक्क शिपाईमामांना पटवलं आणि दोघं लाल टोप्या घालून आले. मला कुणी विचारलंच नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं गं. बाई सगळं सांभाळतात, त्यांचंही कुठेतरी ठरलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं. मी चार दिवस उगाच गणिताच्या बाईंच्या टेबलापाशी घुटमळले, खडू आहे का म्हणून विचारलं. खडू माझ्या पर्समध्येच होते. निवृत्तीला टेकलेली बाई मी, आणि आपल्याला कुणी घेईना म्हणून लहान मुलीसारखी हिरमुसले. लाज वाटली स्वतःची.

तशातच गेल्या शुक्रवारी यादी तपासताना नववीतल्या एका मुलीच्या नावासमोर एक अनोळखी नाव दिसलं. मला सगळ्या तुकड्या तोंडपाठ आहेत, अशी मुलगी शाळेत नाही. ही नववीतली यंदाच नवीन आलेली, मागच्या बाकावर बसते, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला, पण कसा कोण जाणे, थांबला. तिला बोलावून घेतलं आणि म्हटलं, मी होऊ का तुझी जोडीदार? तिचा चेहरा बघायला हवा होतास! नको बाई, प्लीज, मग तर सगळेच हसतील, म्हणाली. मग चपलेकडे बघत हळूच म्हणाली की फक्त ते नाव खोडू नका.

ठकू, मी तुझं खोडलं होतं. तूही नववीतच होतीस. पिवळ्या चौकड्यांचे दोन शर्ट शिवून दे म्हणालीस, दोन्ही एकाच मापाचे. दुसरा कुणासाठी, हे मी विचारलं नाही. लेकीला एकदाची मैत्रीण मिळाली या आनंदात मी गुणगुणत मशीन चालवलं. त्या दिवशी सकाळी मैदानावर यादी हातात घेतली, तुझ्या नावासमोरचं ते नाव वाचलं, शाळेत नसलेल्याच मुलीचं, आणि माझं डोकंच फिरलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, तुला आठवत असेलच. शाळेत मी तुझी आई नाही, शाळेत मला बाई म्हणायचं, हा नियम तुझ्या पहिल्या दिवशी मीच घातला होता. पोरीला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये, याची मला कायम धास्ती. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर बाजूला घेऊन विचारलं असतं. तुझं नाव मात्र लाल पेनाने खोडलं आणि भर मैदानात माइकवरून म्हटलं, ही दुसरी कोण ते पुढे आणून दाखव. तू एकटीच त्या शर्टात पुढे आलीस. अख्खी शाळा हसली. चुकलं बाई, म्हणालीस. घरी येऊन जेवली नाहीस, तर मी वर तुलाच ऐकवलं की शाळेतलं शाळेत ठेवावं. त्यानंतर घरीसुद्धा तू मला हाक मारताना जरा अडखळायचीस. मला ते ऐकू यायचं, आणि मी कानाडोळा करायचे.

आज सकाळी त्या मुलीचं नाव पुकारलं आणि मग दुसरं, ते नसलेलं. माना वळायला लागल्या. मी म्हटलं, दुसरी आज तापाने घरी आहे, तसा निरोप आलाय माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माइकवर धडधडीत खोटं बोलले आणि जीभ जराही चाचरली नाही. मुलीने माझ्याकडे बघितलं, चष्मा वर ढकलला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. एवढंच तर करायचं होतं गं तेव्हा! एका वाक्याचं काम होतं, आणि ते मला जमलं नाही.

आता खरं कारण लिहिते. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी शाळा मला निरोप देणार आहे, त्याच मैदानावर, त्याच माइकवर. परवा तुझं कपाट उघडलं. दुसरा शर्ट घडीसुद्धा न मोडता तसाच होता. पहिला नाही. तो तू नेलास की फेकून दिलास, हे फोनवर विचारायचं धाडस मला होत नाही. दुसरा मी दोन्ही बाजूंनी उसवला, पट्ट्या जोडल्या, आता मला होतो. पट्ट्यांचं कापड निराळं आहे, जवळून बघितलं तर कळतं. तो घालून मी उभी राहणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे की त्या दिवशी चुकलं ते माझं. तू यायलाच हवंस असा हट्ट नाही. नाही आलीस तर मी एकटी उभी राहीन, तू राहिली होतीस तशी. पण आज यादीत सगळ्यात खाली मी तुझं नाव लिहिलंय आणि समोर लिहिलंय, आई. निरोपाच्या दिवसापर्यंत यादी काढू नका, असं शिपाईमामांना सांगून ठेवलंय. खोडावंसं वाटलं तर लाल पेन माझ्या टेबलावर आहे, तूच येऊन खोड.

तुझीच,
शाळेतसुद्धा,
आई