मशीनमधून पळालेल्या धाकट्यास

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, पण राग ओसरल्यावर लागू होतील.

बारा मार्चला सकाळी साडेदहा वाजता तू एमआरआयच्या मशीनमधून पळालास. वर बायकोला म्हणालास म्हणे, "ताईसारखंच तिचं मशीनही ओरडतं!"

अरे, ती तपासणी चाळीस मिनिटांवरून बारावर आणण्यात माझी संशोधनाची सगळी वर्षं खर्ची पडली. नवी पद्धत आधी स्वतःवरच तपासायची, म्हणून त्या बोगद्यात मी कितीदा निजले! आणि माझा सख्खा भाऊ तिथून शेपूट घालून पळतो?

डावा हात अजून बधिर होतो का? हातातून कप निसटतो का? अशा माणसांच्या मेंदूची चित्रं मी जन्मभर पाहिली आहेत, बाळा.

फोनवर तू गोड बोलून सुटतोस. म्हणून तपासणीची नवी तारीख वीस मार्चच्या आत लेखी कळव. नाहीतर मानगूट धरून आत ढकलायला मी स्वतः येते.

तुझी ताई