घटस्फोटाच्या काळात दाढ दुखल्यास

तीर्थस्वरूप वन्संना,
धाकट्या भावजयीचा (निकाल लागेपर्यंत तरी भावजयच) शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेताय ना? इकडे सगळं ठीक. म्हणजे घटस्फोट चालू आहे, बाकी ठीक.

तुम्ही म्हणाला होतात, काय करायचं ते करा, पण माणसासारखं वागा. वागतेच आहे. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, की समोरच्याशी बोलायचं नाही, त्याच्यापुढे रडायचं नाही आणि त्याचे उपकार घ्यायचे नाहीत. (समोरचा म्हणजे तुमचे बंधुराज. एकोणीस वर्षं 'अहो' होते, आता कागदावर 'समोरचा' झालेत.) दोन महिने मी सगळं पाळलं. रस्त्यात दिसले, की फळवाल्यापाशी थांबून संत्री दाबत उभी राहायचे. शेवटी फळवालाच म्हणाला, "बाई, घेणार आहात, की डॉक्टर जायची वाट बघताय?"

आणि गेल्या रविवारी टोस्ट चावताना दाढेवरची कॅप निघाली. दुपारपर्यंत गालाचा भोपळा. दातांचे दुसरे डॉक्टर लेकीकडे गेलेले. उरला कोण? समोरचाच! वकीलबाईंना फोन केला, पण सुजलेल्या तोंडाने सांगणार काय? त्यांना वाटलं मी रडतेय. "रडा, पण त्यांच्यापुढे नको," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गेले दवाखान्यात. सुट्टीचा दिवस, ते एकटेच होते. त्यांच्याही वकिलांनी बोलू नका म्हणून सांगितलेलं असणार, कारण त्यांनी नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं. नवऱ्याशी अबोला धरून त्याच्याचपुढे आ वासून बसलेली बाई जगात मी एकटीच असेन! तुम्ही शिवलेले निळे पडदे अजून आहेत, वन्सं. ते बघितले आणि अक्कलदाढ दाखवायला पहिल्यांदा आले होते तो दिवस आठवला. दवाखाना जेमतेम आठ दिवसांचा. बाहेर तुम्ही नावं लिहून घेत होतात. (माझं चुकीचं लिहिलंत.) खुर्ची आपोआप खाली जायची, की हे पायाने वर करायचे. हात थरथरत होता. "दुखतंय?" म्हणाले. दुखत होतं हो, जीव जात होता! पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मी मान हलवली. नाही.

लग्नानंतरही तेच. ते विचारायचे, मी मान हलवायचे. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. दोष तरी कसा देऊ?

रविवारी मात्र हात अजिबात थरथरला नाही. आरसा आत घातला, जरा टोचलं, आणि वकील-बिकील विसरून ते म्हणाले, "दुखतंय?"

मी म्हटलं, "हो." (तोंडात आरसा, त्यामुळे 'ओ' झालं.)

त्यांनी आरसा काढून ठेवला. "कधीपासून?"

"फार दिवसांपासून."

ते तसेच हातमोजे घालून स्टुलावर बसून राहिले. वकीलबाईंचे तिन्ही नियम मी एका बैठकीत मोडले. बोलले, रडले, आणि उपकार तर घेतलेच. ते रडले का, सांगता येत नाही. मास्क खाली घेतलाच नाही. मग इंजेक्शन दिलं आणि कॅप बसवली.

गैरसमज नको. घटस्फोट होणारच. सोमवारी फोनवर तासभर बोलून दोघांनी मिळून ठरवलं. (इतक्या वर्षांत दोघांनी मिळून ठरवलेली ही पहिलीच गोष्ट असेल.) गुरुवारी तारीख आहे. एकाच बसने जाणार आहोत.

तुमची,
भावजय

ता.क. कॅप पक्की बसलीय. हात हलका आहे त्यांचा. कुणाची दाढ दुखत असेल तर बेलाशक पाठवा.

आणखी एक ता.क. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. निकालानंतर पंधरा दिवस त्यांच्याकडे राहायला जाल का? मी सांगितलं म्हणू नका, कंटाळा आला म्हणून आले म्हणा. "मी मजेत आहे" म्हणतील, विश्वास ठेवू नका. रविवारी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. मी सांगणार होते, पण तोवर तोंड बधिर झालं होतं.